हरवलेली फाइल आणि न बोलावलेला पाहुणा

संगणकाचें बटण दाबावें, पडद्यावर नेहमींचें चित्र उमटावें, आणि हात कामाकडे वळणार इतक्यांत मधोमध एक लहानशी चौकट उभी राहावी, हा अनुभव विंडोज वापरणाऱ्या पुष्कळ घरांस आलेला आहे. चौकटीच्या माथ्यावर 'रनडीएलएल' हें गूढ नांव असतें. खालीं कोठल्याशा फाइलचा लांबलचक पत्ता असतो. आणि शेवटीं 'दि स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' असें वाक्य असतें. सांगितलेली वस्तु जागेवर सांपडली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. 'ओके' दाबलें कीं चौकट मिटते, संगणक पूर्ववत् चालूं लागतो, पत्रें लिहून होतात, मुलांचा अभ्यास होतो. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच चौकट पुन्हां दारांत उभी!

कांहीं हरवलें असें कानीं आलें कीं तें शोधून आणावें, हा मनुष्यस्वभाव आहे. घरांतील भांडें असो वा बँकेचें पासबुक असो, तेथें तो स्वभाव उपयोगी पडतो. येथें मात्र तोच घात करतो. घाबरलेला गृहस्थ त्या फाइलचें नांव इंटरनेटवर शोधतो, आणि 'हरवलेल्या डीएलएल फाइली येथें फुकट मिळतील' अशी जाहिरात करणाऱ्या एखाद्या दुकानांत जाऊन पोहोंचतो. तेथून आणलेली फाइल खरी कीं खोटी, ती कोणत्या आवृत्तीची, तिच्या पोटांत आणखी काय भरलेलें, ह्याची कसलीहि शाश्वती नसते. दुसरा गृहस्थ ह्याहून धीट निघतो व सगळें विंडोजच पुसून नव्यानें घालावयास सांगतो. त्यांत एक दिवस तर जातोच. शिवाय वेगळीं राखून न ठेवलेलीं छायाचित्रें गेलीं तर तीं कायमचीं गेलीं. वस्तुतः ह्या दोहोंचीहि जरूर नसते. ह्या प्रकारच्या बहुसंख्य संदेशांत हरवलेली फाइल ही हरवलेलीच बरी असते. काढावयाची असते ती तिला रोज हांक मारण्याची मागें राहिलेली आज्ञा.

डीएलएल म्हणजे 'डायनॅमिक लिंक लायब्ररी'. विंडोजची पहिली आवृत्ति १९८५ मध्यें निघाली, तेव्हांपासून ही कल्पना त्याच्या रचनेंत आहे. अनेक प्रोग्रामांस लागणारें एकच काम प्रत्येकानें आपापल्या पोटांत वेगळें बाळगण्यापेक्षां तें एका सामाईक फाइलींत ठेवावें, व ज्याला जेव्हां लागेल त्यानें तेव्हां तें तेथून उचलावें, अशी ही काटकसरीची व्यवस्था आहे. परंतु अशा फाइलीला स्वतःच्या पायांवर चालतां येत नाहीं. तिच्यावर दोनदां टिचकी मारली तरी ती सुरू होत नाहीं. तिला चालवावयास दुसरा कोणी लागतो. 'रनडीएलएल३२' नांवाचा विंडोजचा एक लहानसा सेवक हें काम करतो. अमुक फाइल उघड आणि तिच्यांतील अमुक काम सुरू कर, असें सांगितलें कीं तो तसें करतो. न सांपडल्यास 'सांपडली नाहीं' असें प्रामाणिकपणें कळवितो. म्हणून चौकटीच्या माथ्यावर नांव त्याचें दिसतें. पुष्कळ लोक ह्या निरोप्यालाच गुन्हेगार समजून त्याचा काटा काढावयास निघतात. तसें कदापि करूं नये. 'सिस्टम३२' ह्या फोल्डरांत राहणारा हा विंडोजचा स्वतःचा, कायमचा नोकर आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्यें त्याची आणखी एक प्रत 'सिसवॉव६४' ह्या फोल्डरांत असते. तीहि तितकीच खरी.

एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करावी. मागल्या खोलींत एक बिऱ्हाडकरू शिरला. मालकाची परवानगी आपण घेतली आहे असें तो सांगतो, पण मालकाला ती दिल्याचें आठवत नाहीं. शिरल्याबरोबर त्यानें वाड्याच्या राखणदाराच्या हातीं एक चिठ्ठी दिली कीं, रोज पहाटे दिंडी उघडलीस कीं प्रथम मला उठव. पुढें मालकाला संशय आला व बिऱ्हाडकरूची हकालपट्टी झाली. पण चिठ्ठी राखणदाराच्या खिशांतच राहिली. आतां तो रोज पहाटे रिकाम्या खोलीच्या दारावर थाप मारतो, आणि आंत कोणी नाहीं अशी वर्दी मालकाकडे घेऊन येतो. बिऱ्हाडकरूला परत आणणें हा ह्यावर उपाय खास नव्हे, आणि राखणदाराला काढून टाकणें हाहि नव्हे. ती चिठ्ठी फाडली पाहिजे.

ह्या प्रकाराचें एक ठळक उदाहरण २०१३-१४ च्या सुमारास ठिकठिकाणच्या संगणकांवर पाहावयास मिळालें. कॉन्ड्युइट ही २००५ मध्यें इस्राएलांत स्थापन झालेली कंपनी. संकेतस्थळांच्या मालकांना आपापल्या नांवाचा टूलबार, म्हणजे ब्राउझरच्या माथ्यावर बसणारी बटणांची पट्टी, तयार करून देणें हा तिचा मूळ व्यवसाय. पट्टी फुकट, मोबदला मिळे तो शोधाच्या मार्गानें. पट्टीबरोबर ब्राउझरचें मुखपृष्ठ बदले, शोध घेण्याचें साधन बदले, आणि वापरणारा नकळत कॉन्ड्युइटच्या पानाकडे वळविला जाई. तेथील जाहिरातींवर पडणाऱ्या टिचक्यांचे पैसे होत. मालकानें मुखपृष्ठ पूर्ववत् करूं नये म्हणून 'सर्च प्रोटेक्ट' नांवाचा पहारेकरीहि बरोबर येई. नांव संरक्षणाचें खरें. पण संरक्षण कोणाचें, हें सांगावयास नको. २०१४ च्या आरंभीं कंपनीचा हा विभाग पेरिऑन नेटवर्क ह्या दुसऱ्या इस्राएली कंपनींत विलीन झाला.

ह्या सामानांत 'बॅकग्राउंडकंटेनर' नांवाची एक डीएलएल फाइल असे. ती वापरणाराच्या स्वतःच्या फोल्डरांत, 'ॲपडेटा' मधील 'लोकल' ह्या भागीं, 'कॉन्ड्युइट' नांवाच्या पोटफोल्डरांत ठेवलेली असे. 'ॲपडेटा' हा फोल्डर सामान्यतः नजरेआड राहतो, आणि त्यांत कांहीं लिहावयास प्रशासकाची परवानगी लागत नाहीं. चोरपावलांनीं येणाऱ्यांस ही जागा कां आवडावी हें ह्यावरून उघड आहे. विंडोजमध्यें 'टास्क शेड्यूलर' म्हणून एक वेळापत्रक असतें. त्यांत 'बॅकग्राउंडकंटेनर स्टार्टअप टास्क' अशी एक नोंद हळूच केलेली असे: वापरणारा आंत आला कीं रनडीएलएल३२ कडून ती फाइल चालवावी. पुढें एखाद्या विषाणुरोधक प्रोग्रामानें ती फाइल ओळखली, उचलली व कोंडून ठेवली. अथवा मालकानें स्वतःच तो फोल्डर पुसला. वेळापत्रकांतील नोंदीकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं. झालें; दुसऱ्या दिवसापासून चौकट सुरू. विशेष हें कीं, उपद्रव करणारी वस्तु आंत नांदत होती तोंपर्यंत तिच्याबद्दल एक शब्द कोणी बोललें नाहीं, आणि ती गेल्यावर मात्र रोजचें गाऱ्हाणें सुरू झालें. त्यामुळें 'विषाणुरोधकानेंच बिघाड केला' असा समज होऊन राग त्याच्यावर निघतो, आणि कोंडलेली फाइल पुन्हां सोडून पाहण्याचाहि मोह कित्येकांस होतो. तो आवरावा.

हे पाहुणे येतात कोणत्या दारानें ? बहुधा पुढच्याच, आणि मालकाच्या सहीनें. चित्रें पाहण्याचा, गाणीं ऐकण्याचा किंवा फाइली आवळून ठेवण्याचा एखादा फुकट प्रोग्राम उतरवून घेतला, तर तो बसवितांना एकामागून एक पानें पुढें येतात. 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'आय ॲग्री' असें करीत मनुष्य पुढें जातो, आणि त्यांतल्याच एका पानावर आधींच खूण करून ठेवलेल्या चौकोनाशेजारीं बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं, अमुक टूलबारहि बसविण्यास वापरणाराची संमति आहे. कायद्याच्या भाषेंत ही संमति असेलहि; व्यवहारांत तिला संमति म्हणणें कठीण आहे.

हा केवळ उपटसुंभांचा धंदा होता असें मानण्याचें कारण नाहीं. ओरॅकल कंपनीच्या जावाबरोबर 'आस्क' चा टूलबार कित्येक वर्षें येत असे. जावांतील सुरक्षेचीं छिद्रें बुजविणारी नवी आवृत्ति घ्यावयास जावें, तरी तेथेंहि तो चौकोन खूण करून तयार ! २०१३ मध्यें एड बॉट ह्या अमेरिकी पत्रकारानें दाखवून दिलें कीं, हा टूलबार लगेच बसत नसून दहा मिनिटें दबा धरून मग बसतो. तेवढ्यांत सावध मालकानेंहि यादी तपासून निःश्वास टाकलेला असतो. २०१५ च्या जूनमध्यें मायक्रोसॉफ्टनें ह्या टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांची गणना नको असलेल्या प्रोग्रामांत केली. सीनेट कंपनीच्या 'डाउनलोड डॉट कॉम' ह्या प्रसिद्ध भांडारानें २०११ मध्यें दुसऱ्यांच्या प्रोग्रामांस आपलें वेष्टण घालून त्यांतून टूलबार सरकविण्यास आरंभ केला होता. 'एनमॅप' ह्या संगणकांचें जाळें तपासण्याच्या प्रोग्रामाचे कर्ते गॉर्डन लायन यांनीं त्या वर्षीं डिसेंबरांत ह्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. जी वस्तु त्यांनीं जगाला फुकट वांटली तींत दुसऱ्यानें भेसळ करावी आणि बदनामी मात्र मूळ कर्त्याची व्हावी, ह्याचा संताप येणें रास्तच होतें. २०१५ मध्यें 'सोर्सफोर्ज' ह्या भांडारावर 'गिम्प' ह्या चित्रकलेच्या प्रोग्रामाच्या बाबतींत असाच वाद झाला. पुढल्या वर्षीं भांडाराच्या नवीन मालकांनीं ती पद्धति बंद केली.

ह्या व्यापाराचें अर्थकारण गूगल, न्यूयॉर्क विद्यापीठ इत्यादि ठिकाणच्या संशोधकांनीं २०१६ मध्यें मांडलें. एका संगणकावर एक प्रोग्राम बसविल्याबद्दल, देशपरत्वें, सुमारें दहा सेंटांपासून दीड डॉलरपर्यंत मोबदला मिळे. गूगलच्या सेफ ब्राउझिंग ह्या व्यवस्थेला अशा प्रोग्रामांविषयीं दर आठवड्यास सहा कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत, आणि हा आंकडा खऱ्या घातकी प्रोग्रामांविषयींच्या इशाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. सकाळची ती चौकट म्हणजे एकट्याच्याच घराचा कांहीं दैवदुर्विलास नव्हे, एवढें समाधान तरी ह्या आंकड्यांवरून मिळतें.

आतां उपायाकडे वळावें. पहिलें काम म्हणजे चौकट मिटविण्यापूर्वीं तिच्यांतील पत्ता कागदावर उतरून घेणें, कारण सगळा निर्णय त्या पत्त्यावर अवलंबून असतो. फाइल 'ॲपडेटा' किंवा 'टेम्प' च्या पोटांतली असेल, नांव एखाद्या टूलबारचें असेल, 'कूपन', 'सर्च', 'ऑप्टिमायझर' असल्या शब्दांनीं नटलेलें असेल, किंवा निव्वळ अक्षरांची खिचडी असेल, तर ती बहुधा मागें राहिलेली चिठ्ठीच समजावी. परंतु केवळ 'ॲपडेटा' हा शब्द दिसला म्हणून शिक्कामोर्तब करूं नये. कित्येक सभ्य प्रोग्रामहि तेथें राहतात. पत्त्यांत घरांतल्या छपाईयंत्राच्या कंपनीचें नांव असेल तर तिचा प्रोग्राम अर्धवट काढला गेला असण्याचा संभव आहे; तो नीट पुन्हां बसवावा किंवा नीट काढावा. आणि पत्ता सिस्टम३२ मधील असून नांव विंडोजच्याच फाइलचें असेल, तर प्रकरण अगदींच निराळें. तेथें 'एसएफसी स्कॅननाउ' ही विंडोजची स्वतःच्या फाइली तपासण्याची आज्ञा उपयोगी पडते. टूलबारच्या चिठ्ठीवर मात्र ती चालवून कांहींहि लाभ नाहीं. कारण विंडोजच्या दृष्टीनें त्याचें स्वतःचें कांहींच हरवलेलें नसतें.

चौकटीखालीं एखाद्या टेलिफोनचा क्रमांक असला, आणि 'ताबडतोब विचारा' असें फर्मावलेलें असलें, तर तो संदेश विंडोजचा नव्हेच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशांत टेलिफोनचा क्रमांक कधींहि नसतो. तेथें फोन करणें म्हणजे दुसऱ्याच संकटाला आमंत्रण देणें होय.

चिठ्ठी फाडण्यापूर्वीं बिऱ्हाडकरू खरोखरच गेला आहे ना, हें पाहणें इष्ट. बसविलेल्या प्रोग्रामांची यादी उघडून ती तारखेप्रमाणें लावावी. ज्या दिवशीं तो फुकट प्रोग्राम आला त्याच दिवशींचे अनोळखी सोबती एका रांगेंत दिसतात. त्यांना त्यांच्या स्वतःच्या 'अनइन्स्टॉल' मार्गानें काढावें. फाइली हातानें पुसण्यास आरंभ करूं नये. नंतर ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन काढावीं, आणि मग विंडोजच्या डिफेंडरनें, किंवा ह्याच कामासाठीं निघालेल्या व २०१६ पासून मालवेअरबाइट्सच्या मालकीच्या झालेल्या 'ॲडक्लीनर' नें एकवार झाडलोट करावी. ॲडक्लीनर फाइलींबरोबर वेळापत्रकांतील व रजिस्ट्रींतील नोंदीहि शोधतो. त्यामुळें पुष्कळदां काम येथेंच संपतें.

न संपल्यास वेळापत्रक उघडावें. 'स्टार्ट' मध्यें 'टास्क शेड्यूलर' हें नांव लिहिलें कीं तें सांपडतें. डाव्या बाजूच्या 'टास्क शेड्यूलर लायब्ररी' वर टिचकी मारली म्हणजे मधल्या भागांत नोंदींची यादी येते. एकेक नोंद निवडून तिच्या 'ॲक्शन्स' ह्या पानावर काय लिहिलें आहे तें वाचावें. नोंदीच्या नांवावर भिस्त ठेवूं नये. लबाडाचें नांव 'अपडेट' असेंहि असूं शकतें. ज्या नोंदीच्या कृतींत रनडीएलएल३२ आणि त्यापुढें कागदावर उतरलेला तोच पत्ता आढळेल ती ती चिठ्ठी. तिच्यावर उजवी टिचकी मारून प्रथम 'डिसेबल' करावें, 'डिलीट' नव्हे. संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा. चौकट आली नाहीं आणि इतर कशांतहि बिघाड दिसला नाहीं, म्हणजे एकदोन दिवसांनीं ती नोंद खुशाल पुसावी.

वेळापत्रकांत कांहींच आढळलें नाहीं तर शोध थोडा लांबतो, कारण विंडोजमध्यें आपोआप सुरू होण्याच्या जागा एकदोन नाहींत. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' चें पान, त्याच नांवाचा फोल्डर, रजिस्ट्रींतील 'रन' ह्या नांवाच्या जागा, पडद्याआड चालणाऱ्या सेवा, अशी ही यादी वाढतच जाते. त्या सर्व एका पटावर मांडून दाखविणारा 'ऑटोरन्स' हा प्रोग्राम ह्या कामीं अमोल आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्या दोघांनीं १९९६ मध्यें सुरू केलेल्या, पुढें 'सिसइंटर्नल्स' ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या उपक्रमांतून तो निघाला. २००६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें त्यांची कंपनी विकत घेतली, आणि आतां तो मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्याच्या पाठीवर बसून कोणी टूलबार येत नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. प्रशासकाच्या अधिकारानें तो उघडला कीं ज्या नोंदींची फाइल जागेवर नाहीं त्या पिवळ्या रंगांत दिसतात व शेजारीं 'फाइल नॉट फाउंड' असें लिहिलेलें असतें. पिवळें दिसेल तें पुसत सुटावें असें मात्र नाहीं. निर्मळ विंडोजमध्यें सुद्धां कांहीं पिवळ्या ओळी असूं शकतात व त्या निरुपद्रवी असतात. कागदावरचें नांव ज्या ओळींत असेल तिच्यापुढील खूण काढावी. खूण काढणें म्हणजे स्थगिति, पुसणें नंतर. 'रजिस्ट्री एका टिचकींत स्वच्छ' करून देणाऱ्या प्रोग्रामांच्या नादीं लागूं नये. त्यांपैकीं कित्येक स्वतःच अशा पाहुण्यांच्या घोळक्यांतून आलेले असतात.

ही सावधगिरी ज्यांना अतिरेकी वाटेल त्यांनीं २००४-०५ च्या सुमारास घडलेली एक हकीकत ध्यानीं घ्यावी. 'ब्लेझफाइंड' नांवाचा एक जाहिरातबाज प्रोग्राम तेव्हांच्या विंडोज एक्सपीवर पसरला होता. त्यानें आपली चिठ्ठी साध्या वेळापत्रकांत न ठेवतां थेट देवडीवर ठेवली. मनुष्य विंडोजमध्यें आंत आला कीं 'यूझरइनिट' नांवाची फाइल चालते, आणि पुढची सगळी मांडामांड तिच्यापासून सुरू होते. कोणती फाइल चालवावयाची तें रजिस्ट्रीच्या 'विनलॉगऑन' ह्या भागांत लिहिलेलें असतें. ब्लेझफाइंडनें तेथील नांव बदलून 'डब्ल्यूएसएअपडेटर' हें आपल्या फाइलचें नांव घातलें. पुढें 'ॲड-अवेअर' ह्या त्या काळच्या लोकप्रिय शोधकानें ती फाइल बरोबर ओळखून काढून टाकली; पण रजिस्ट्रींतील नांव तसेंच राहिलें. परिणाम असा झाला कीं, मनुष्य आपलें नांव व परवलीचा शब्द देई, विंडोज 'या' म्हणे, आणि त्याच क्षणीं त्याला बाहेर घालवी. पुन्हां आंत, पुन्हां बाहेर. येथें 'ओके' दाबून पुढें जाण्याची सोयहि नव्हती. घराचे हिशेब, पत्रें, छायाचित्रें सर्व कांहीं सुखरूप दाराच्या आंत, आणि मालक तेवढा उंबऱ्याबाहेर !

ह्यावर मायक्रोसॉफ्टनें सुचविलेला उपाय मोठा मार्मिक होता. विंडोजची तबकडी घालून 'रिकव्हरी कन्सोल' उघडावयाचें, आणि खऱ्या यूझरइनिट फाइलची एक प्रत करून तिला 'डब्ल्यूएसएअपडेटर' हेंच नांव द्यावयाचें. रजिस्ट्री ज्या नांवानें हांक मारीत होती त्या नांवाला आतां एक सज्जन ओ देई, आणि दार उघडे. मग आंत जाऊन रजिस्ट्रींतील नांव दुरुस्त करावयाचें. हरवलेली फाइल परत आणल्याचा हा एक प्रसंग खरा. पण आणली ती नांवापुरतीच.

त्याच काळांत 'न्यू डॉट नेट' नांवाचा एक पाहुणा फुकट प्रोग्रामांच्या पाठीवर बसून येई. इंटरनेटकडे जाणारी मागणी विंडोजच्या 'विनसॉक' ह्या व्यवस्थेंतील कड्यांच्या साखळींतून पुढें जाते. ह्या पाहुण्यानें स्वतःला त्या साखळींतील एक कडी करून घेतलें होतें. त्याची फाइल नुसती पुसली कीं साखळी मध्येंच तुटे, आणि संगणक धडधाकट असूनहि इंटरनेट बंद पडे. २००४ मध्यें विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर 'नेटएसएच विनसॉक रीसेट' ही आज्ञा आली, आणि साखळी नव्यानें जोडणें सोपें झालें. नको असलेला प्रोग्राम काढल्यावर इंटरनेट रुसलें, तर आजहि ती आज्ञा करून पाहण्यासारखी आहे. रजिस्ट्रींत स्वतःच्या हातानें कांहीं बदलावयाचें असल्यास त्या भागाची प्रत 'एक्स्पोर्ट' करून आधीं बाजूस ठेवावी; चूक झाली तर ती परत घालतां येते.

पाहुण्याला दारांतच अडविण्याची कांहीं व्यवस्था २०२० पासून विंडोजमध्येंच आहे. 'विंडोज सिक्युरिटी' मध्यें 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' ह्या सदराखालीं 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे. त्यांत नको असलेले प्रोग्राम अडविण्याची कळ चालू आहे ना, हें पाहावें. प्रोग्राम घ्यावयाचा तो त्याच्या कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, आणि बसवितांना 'एक्स्प्रेस' सोडून 'कस्टम' हा मार्ग धरावा. त्यानें दोन मिनिटें अधिक लागतात, पण त्या आधींच खूण केलेल्या चौकोनांची गांठ तेथेंच पडते.

एवढें सगळें करूनहि कित्येक घरांत एक विलक्षण तक्रार उरते: वडिलांनीं संगणक उघडला तर चौकट येत नाहीं, आणि मुलीनें आपल्या नांवानें उघडला कीं हटकून येते. ह्यांत जादू कांहीं नाहीं. विंडोजमध्यें प्रत्येक खात्याचा 'ॲपडेटा' वेगळा, आणि रजिस्ट्रींतील 'रन' ह्या नांवाची एक जागाहि प्रत्येक खात्यागणिक वेगळी असते. त्यामुळें एका खात्यांतील चिठ्ठी फाडली तरी दुसऱ्या खात्यांतली तशीच राहते. ऑटोरन्समध्यें 'यूझर' नांवाची एक यादी आहे. तिच्यांतून मुलीचें खातें निवडावें, कागदावरचें तेंच नांव पुन्हां शोधावें, आणि त्या ओळीपुढील खूणहि काढून टाकावी.